नोझल बदललं, गळती राहिली : चिखलणीच्या तोंडावर टिलर का अडतात?

रोहिणी नक्षत्र जवळ आलं की दासगाव, वहूर, केंबुर्ली, गांधारपाले, टोळ या पट्ट्यातल्या पडव्यांमधून पॉवर टिलर बाहेर निघतात. आठ महिने गोणपाटाखाली पडून असलेलं इंजिन दहा हँडल मारूनही धरत नाही, आणि धरलंच तर काळा धूर ओकतं. मग टेम्पोत घालून महाडला नेणं आलं. मेकॅनिक बघून सांगतो, ‘नोझल गेलंय.’ नोझल बदललं जातं, इंजिन एका हँडलात सुरू होतं, पैसे मोजून मालक समाधानाने घरी येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाचरात उतरल्यावर पाहतो तो काय, इंजिनाच्या डोक्यावरून डिझेल ओघळतंय, सकाळी भरलेली टाकी भलतीच लवकर खाली जातेय आणि खाचरातल्या पाण्यावर रंगीत तवंग पसरलाय.

या दिवसांत बियाणे आणि खते यांच्या बरोबरीने ही तक्रार आमच्या कानावर येते. तिला कोणी मोठा प्रश्न समजत नाही. ‘थोडं गळतंय, चालायचंच’ असं म्हणून खाली डबा लावला जातो, किंवा सांध्यावर साबण चोपडला जातो. वास्तविक ही गळती म्हणजे नुसता डिझेलचा हिशेब नाही. आपल्या तालुक्यातली भातशेती गेल्या दोन-तीन दशकांत कशाच्या आधारावर उभी राहिली आहे, आणि तो आधार किती बारीक वस्तूवर टेकलेला आहे, हे त्यातून दिसतं.

पूर्वी घरटी एखादी बैलजोडी असे. आता संबंध वाडीत एक जोडी सापडली तरी पुष्कळ. घरातली तरणी माणसं मुंबई-पुण्याला, नाहीतर महाडच्या औद्योगिक वसाहतीत. लावणीला मजूर मिळणं कठीण, मिळाला तर मजुरी परवडत नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी वहिवाट १.३४ हेक्टरची, आणि आपल्याकडे तीही दहा ठिकाणी तुकड्या-तुकड्यांत, डोंगरउताराच्या लहान खाचरांत विभागलेली. तिथे ट्रॅक्टर वळत नाही. म्हणून पॉवर टिलर आला आणि तो टिकला. एक टिलर स्वतःची शेती करून भाड्याने आणखी पाच-सहा घरांची चिखलणी करतो. तो अडला की पाच-सहा घरांची लावणी अडते.

आणि लावणी वाट पाहत नाही. राबातली रोपं एकवीस ते पंचवीस दिवसांची असताना लागली तर फुटवे चांगले येतात. हळव्या जातीचं रोप महिना-सव्वा महिना राबातच राहिलं तर फुटव्यांची संख्या घटते आणि त्या प्रमाणात लोंब्याही कमी. पुढे कितीही युरिया टाकला तरी गेलेले फुटवे परत येत नाहीत. दासगावात एका शेतकऱ्याचा टिलर गेल्या वर्षी ऐन मृगात नऊ दिवस उभा होता. कारण काढलं तेव्हा निघाली ती परतीच्या नळीच्या बोल्टखालची तांब्याची एक चकती, ज्याला आपण वायसर म्हणतो. किंमत दहा-वीस रुपयांच्या घरातली.

आधी डिझेलचाच हिशेब करू. डिझेलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान असतो. साधारण चाळीस थेंबांचा एक मिलिलिटर धरा. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर आठ तासांच्या कामात अठ्ठावीस हजार आठशे थेंब, म्हणजे पाऊण लिटरला थोडं कमी. वीस दिवसांच्या हंगामात चौदा लिटरच्या वर. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, तेव्हापासून पंपावरचा आकडा कुठवर गेला हे वाचकांना मी सांगायला नको. लिटरला नव्वद रुपये धरले तरी साडेबाराशे रुपयांच्या पुढे रक्कम चिखलात जाते. हे सेकंदाला एका थेंबाचं झालं. काही इंजिनांची गळती मोजायला थेंब पुरत नाहीत.

नोझल म्हणजे काय, आणि गळती तिथेच का

टिलरचं इंजिन असो, नदीकाठचा पाण्याचा पंप असो की सावित्रीच्या खाडीत चालणारी मच्छीमाराची होडी, जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात डिझेलचा मार्ग एकच. टाकीतून कॉक, कॉकातून फिल्टर, फिल्टरातून डिझेल पंप, पंपातून पोलादी जाड नळीने नोझलमध्ये आणि नोझलमधून सिलिंडरमध्ये फवारा. ज्याला कंपनीच्या पुस्तकात इंजेक्टर म्हणतात त्यालाच गावात नोझल म्हणतात. खरं तर नोझल हा त्याच्या टोकाचा भाग, पण बोलीभाषेत सगळ्यालाच ते नाव पडलं आहे. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात १९२७ साली असे पंप मोठ्या प्रमाणावर बनू लागले आणि त्यानंतरच डिझेल इंजिन लहान होऊन शेतापर्यंत पोचलं. आपल्याकडे साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिन बनवलं, १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली, आणि १९५१ साली बंगळूरला मायको कंपनी निघाली. मायकोचं नाव २००८ साली बदलून बॉश झालं, तरी जुने मिस्त्री अजून ‘मायकोचं नोझल’च मागतात.

या नोझलची सुई डिझेलच्या दाबाने उघडते. तो दाब इंजिनाप्रमाणे कमी-जास्त असतो, पण पुष्कळ इंजिनांत दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोच्या आसपास असतो. मोटरसायकलच्या चाकात आपण दोन-अडीच किलो हवा भरतो, त्यावरून अंदाज करावा. इंजिन मिनिटाला पंधराशे फेरे घेत असेल तर नोझल मिनिटाला साडेसातशे वेळा उघडतं आणि मिटतं. म्हणजे प्रत्येक सांध्यावर मिनिटाला साडेसातशे हातोडे बसतात म्हणा ना.

आता मुद्द्याची गोष्ट. नवं नोझल बसवल्यावर गळती लागली म्हणजे नोझलच खराब, असं समजून मालक दुकानदाराशी भांडायला जातो. दहापैकी बहुतेक वेळा नोझलचा दोष नसतो. नोझल काढायचं म्हणजे आजूबाजूचे तीन-चार सांधे सोडवावे लागतात. ते सांधे वर्षानुवर्षे एकमेकांत बसून गेलेले असतात. एकदा हलवले की जुनी वायसर, जुनी नळी पूर्वीसारखी बसत नाही. शिवाय झिजलेलं नोझल कमी दाबालाच उघडत होतं. नव्याने दाब पुन्हा पुरता चढतो आणि आजवर कसाबसा धरून असलेला कच्चा सांधा उघडा पडतो. म्हणून गळती नव्या वस्तूत शोधण्याऐवजी आधी हात लागलेल्या जुन्या सांध्यांत शोधावी.

सर्वात जास्त गळती होते ती परतीच्या बारीक नळीवर, जिला मेकॅनिक ओव्हरफ्लो म्हणतात. नोझलच्या सुईला वंगण म्हणून थोडं डिझेल बाजूने वर येतं आणि या नळीवाटे टाकीत किंवा फिल्टरकडे परत जातं. नळीच्या टोकाला भोकाचा बोल्ट असतो, त्याच्या वर एक आणि खाली एक अशा तांब्याच्या दोन वायसर. मेकॅनिक घाईत जुन्याच वायसर परत लावतो, नाहीतर एक खाली पडते आणि एकावरच काम भागवतो. तांबं एकदा दाबलं की कडक होतं, दुसऱ्यांदा ते पृष्ठभागाशी मिसळत नाही. नवी वायसर नसेलच तर जुनी लालबुंद तापवून गार करावी, म्हणजे तांबं पुन्हा मऊ पडतं, आणि वरची काजळी पुसून मग लावावी. हा जुन्या फिटरांचा उपाय आहे आणि तो बरोबर आहे. पण जिच्यावर चरे पडलेत ती कितीही तापवली तरी उपयोग नाही. परतीची नळी रबराची किंवा प्लॅस्टिकची असेल तर ती टोकाला चिरलेली आहे का ते वाकवून पाहावं. चिरलेला तेवढा भाग कापून नळी पुन्हा बसवता येते, लांबी पुरत असेल तर. आणि ही नळी कुठे दबलेली, चेपलेली नाही ना हेही बघा. परतीचा रस्ता बंद झाला की दाब नोझलच्या अंगातच साठतो आणि डिझेल भलत्याच सांध्यातून बाहेर पडतं. तेव्हा मेकॅनिक तो दुसराच सांधा आवळत बसतो.

दुसरी जागा म्हणजे पंपापासून नोझलपर्यंतची पोलादी नळी. तिच्या टोकाला शंकूसारखा आकार असतो, तो नोझलच्या खळग्यात बसतो. इथे डिझेल अडवतं ते शंकूचं आणि खळग्याचं धातूशी धातू बसणं. नटाचे आटे फक्त दाबून धरायचं काम करतात. हे न कळल्यामुळे आट्यांना पांढरी टेप गुंडाळायची चाल पडली आहे. नळाच्या पाइपाला टेप ठीक, इथे तिचा काडीचा उपयोग नाही. उलट तिचे तुकडे आत गेले की नव्या नोझलची भोकं तुंबतात. साबण, एम-सील, डाग या उपायांचीही तीच गत, दोनशे किलोच्या दाबापुढे ते तासभरही टिकत नाहीत.

या नळीच्या बाबतीत चूक होते ती बसवताना. एका टोकाचा नट पानं लावून घट्ट केला आणि मग दुसरं टोक ओढूनताणून जागेवर आणलं, तर शंकू तिरका बसतो, गळतो आणि गळतो म्हणून जोराने आवळला की आटे जातात. दोन्ही टोकांचे नट आधी हाताने, बोटांनी, निदान चार-पाच आटे फिरवून घ्यावेत. हाताने फिरत नसेल तर काहीतरी तिरकं आहे असं समजावं. मग पान्याने आळीपाळीने आवळावं. पंपाच्या बाजूचा नट आवळताना दुसऱ्या पान्याने खालचा होल्डर धरून ठेवलाच पाहिजे. नाहीतर नटाबरोबर होल्डर फिरतो, त्याच्या खालची सील सरकते आणि पंपाच्या डोक्यावर नवीनच गळती सुरू होते. दोन पाने लागतात, एका पान्याचं हे काम नव्हे. आवळूनही थांबत नसेल तर आणखी जोर करू नये. नट सोडून शंकू पुसून उजेडात पाहावा. चरा किंवा चपटेपणा दिसला तर नळी बदलण्याशिवाय मार्ग नाही. नवं नोझल वेगळ्या बनावटीचं असेल तर उंची-तिरकेपणात थोडा फरक पडतो आणि जुनी नळी जागेवर येत नाही. दुकानात जाताना जुनं नोझल बरोबर नेऊन शेजारी ठेवून पाहावं ते यासाठी.

तिसरी जागा नोझलच्या बुडाची. इथे जाड तांब्याची वायसर असते, सिलिंडरमधला जाळ आणि वायू वर येऊ नये म्हणून. ही बिघडली तर डिझेल ओघळत नाही, पण फस्-फस् आवाज येतो आणि नोझलभोवती काळी ओलसर काजळी जमते. जुनी वायसर भोकातच चिकटून राहते, दिसत नाही, आणि तिच्यावरच नवी घातली जाते. दोन वायसरांमुळे नोझल वर राहतं, फवारा जिथे पडायला हवा तिथे पडत नाही, धूर वाढतो. मालकाला वाटतं, एवढे पैसे घालूनही इंजिन सुधारलं नाही. नोझल बसवण्यापूर्वी भोकात बॅटरी मारून पाहायला अर्धं मिनिट लागतं. नोझलच्या दोन्ही बाजूंचे नट थोडे थोडे आळीपाळीने आवळावेत, एकीकडचा पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर बूड तिरकं बसतं.

चौथी गळती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सगळ्यात घातक. नोझल आतल्या आत ठिबकत असेल, किंवा पंपाची आतली झीज झाली असेल, तर डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं, बोटाला पातळ लागलं, डिझेलचा वास आला, तर इंजिन त्या क्षणी बंद करावं. पातळ ऑइलवर बेअरिंग फार काळ तग धरत नाही आणि मग खर्च वायसरीचा राहत नाही, क्रँकचा होतो. ‘ऑइल खात नाही, उलट वाढतंय’ म्हणून खूश होणारे मालक मी पाहिले आहेत.

गळती नेमकी कुठली हे शोधायचं कसं? नवं नोझल बसवल्यावर एअर काढताना नट सैल करून डिझेल सांडावं लागतंच. फिल्टरचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल जाऊ द्यायचं, मग पंपाचा, मग नोझलकडचा नट सैल ठेवून हँडल मारायचं, डिझेल उसळून आलं की आवळायचं. हे सांडलेलं डिझेल नंतर तासभर इकडे-तिकडे ओघळत राहतं आणि गळती नसतानाही गळती वाटते. म्हणून आधी सगळं कोरड्या फडक्याने पुसून घ्या. मग सांध्यांवर शाळेतल्या खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरा आणि इंजिन सावकाश चालवा. जिथे पूड पहिल्यांदा ओली होते तो गळका सांधा. डिझेल वरून खाली वाहतं, तेव्हा सगळ्यात खाली जिथे थेंब लोंबतो ती जागा बहुधा निर्दोष असते. चुलीतली राख मात्र वापरू नये, तिच्यातली कचकच आत गेली तर पंपाचं वाटोळं. पंपाचा दांडा आणि त्याची नळी यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते. आपला केस त्याच्या वीसपट तरी जाड.

हात लावू नका

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. चालू इंजिनावर धार कुठून येते ते बोटाने चाचपून पाहण्याची सवय मिस्त्री लोकांनाही आहे. या दाबाची बारीक फवारणी कातडी फोडून आत शिरते. वर दिसतो फक्त सुई टोचल्यासारखा ठिपका, फारसं दुखतही नाही. काही तासांनी हात सुजतो, आतलं मांस सडू लागतं आणि बोट कापायची वेळ येते. डिझेल इंजिनाच्या फवाऱ्याने बोटाला झालेल्या अशा इजेची नोंद १९३७ सालीच अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात आली होती, म्हणजे ही गोष्ट नवी नाही. असं झालं तर हळद-चुना लावून घरी बसू नये. तडक रुग्णालयात जावं आणि डॉक्टरांना ‘दाबाने डिझेल आत गेलंय’ हे स्पष्ट सांगावं, कारण नुसता ठिपका पाहून कोणालाही जखम किरकोळच वाटेल. गळती बघायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा.

आगीचंही तेच. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश सेल्सिअस ठेवला आहे, आणि मे महिन्यात महाडचा पारा त्याच्या वर असतो. धुक्यासारखं उडणारं डिझेल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. होडीत तर डिझेल बुडात पाण्यावर साठतं, तिथे विडी ओढणाऱ्याने जपून राहावं. विहिरीच्या काठावर चालणाऱ्या पंपाखाली गळती असेल तर तेच पाणी घरात येतं, हे वेगळं सांगायला नको.

जुन्या यंत्रांच्या मालकांसाठी आणखी एक कारण सांगतो, जे मेकॅनिकलाही बहुधा ठाऊक नसतं. डिझेल बदललं आहे. १९९० च्या दशकात आपल्या डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण दहा लाखांत हजारांच्या घरात असे. ते टप्प्याटप्प्याने उतरत १ एप्रिल २०२० पासून देशभर दहा लाखांत दहा भाग एवढंच राहिलं. हवेच्या दृष्टीने चांगलं झालं. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले दुसरेही काही घटक कमी होतात, ज्यांनी जुन्या पंपातली रबरी रिंग फुगून घट्ट राहत असे. अमेरिकेत ऑक्टोबर १९९३ मध्ये कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हा जुन्या ट्रक आणि ट्रॅक्टरांच्या पंपांतून अचानक गळतीच्या तक्रारी आल्या होत्या, कॅलिफोर्नियात तर फार. नव्या इंजिनांत रबर वेगळ्या जातीचं असतं. ज्यांचा टिलर किंवा पंप पंधरा-वीस वर्षांचा आहे त्यांनी नोझल बदलतानाच पंपाच्या आणि फिल्टरच्या रबरी रिंगाही बदलून घ्याव्यात. कडक झालेलं रबर एकदा हललं की पुन्हा धरत नाही.

नोझल लवकर जातात तरी का, हाही प्रश्न आहे. आपल्या भागात त्याचं उत्तर पाणी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, हवेत कायम दमटपणा, अर्धी भरलेली टाकी महिनोन् महिने पडून. टाकीच्या आत घाम सुटतो, पाणी तळाशी बसतं, गंज धरतो आणि सुरू केल्याबरोबर तो गंज पंपात. २२ जुलै २०२१ ला सावित्रीला महापूर आला, महाड बुडालं, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. त्या दुःखापुढे यंत्रांची काय कथा, हे खरं आहे. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांनी दरडी पाहिल्या आहेत, त्यामुळे अशा वेळी माणूस आधी माणसं मोजतो. पण पूर ओसरल्यावर पुन्हा शेती करायची तर पुरात बुडालेलं यंत्र नुसतं उन्हात सुकवून सुरू करून चालत नाही. टाकी, फिल्टर, नळ्या रिकाम्या करून धुवाव्या लागतात, ऑइल बदलावं लागतं, आणि तोवर हँडलला हात लावायचा नाही. गाळाच्या पाण्याचे दोन फेरे पंपात गेले की पंप आणि नोझल दोन्ही भंगारात. पूररेषेतल्या प्रत्येक गावाने ही गोष्ट पावसाळ्याआधी माहीत करून घ्यावी, कारण पुराच्या दुसऱ्या दिवशी सांगायला कोणी पोचत नाही.

आता धोरणाचं. २०१४-१५ पासून केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात टिलरला चाळीस ते पन्नास टक्के अनुदान मिळू लागलं, महाडीबीटीवर अर्ज करायची सोय झाली. त्यामुळे यंत्रं गावात आली ही गोष्ट नाकारता येणार नाही. पण अनुदान खरेदीला आहे. यंत्र घेतल्यानंतर चौथ्या वर्षी ते दुरुस्त कोण करणार, याचा विचार योजनेच्या कागदावर पातळ आहे. प्रशिक्षणाचा भाग योजनेत आहे, नाही असं नाही. केंद्राच्या यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहेत मध्य प्रदेशात बुदनीला, हरियाणात हिस्सारला, आंध्रात गार्लदिन्नेला आणि आसामात बिश्वनाथ चारियालीला. दासगावचा पोरगा तिथे कधी जाणार! दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ त्यातल्या त्यात जवळ.

दुसरीकडे जुने मिस्त्री संपत चालले आहेत. महामार्ग रुंद झाला, डंपर आणि जेसीबी वाढले, गॅरेजवाल्याला एका डंपरमध्ये जे सुटतं ते दहा टिलरमध्ये सुटत नाही. त्याला दोष देता येत नाही. लहान इंजिन शेवटी शिकाऊ पोऱ्याच्या हाती जातं आणि तो एका पान्याने, जुन्या वायसरीवर काम उरकतो. पाण्याच्या पंपांचं पुढे सौरऊर्जेवर भागेल. २०१९ ची पीएम-कुसुम आणि २०२४ ची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजना त्याच दिशेच्या आहेत. चिखलणीला मात्र सौर टिलर अजून दारात उभा नाही. निदान काही वर्षं तरी आपल्याला डिझेलवरच निभावायचं आहे, तेव्हा डिझेलची दुरुस्ती गावात व्हायला हवी.

यासाठी फार मोठा निधी लागतो असं मला वाटत नाही. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. ज्या गावातला मुलगा तो शिकला असेल त्याला हाताशी धरून ग्रामपंचायतीने मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवसाचं शिबिर घेतलं, गावातले सगळे टिलर आणि पंप शाळेच्या पटांगणात आणले, तर एका दिवसात टाक्या धुऊन, फिल्टर बदलून, ऑइलच्या पट्ट्या तपासून होतात. नोझल तपासायचं हातपंपाचं यंत्र अवजारे बँक चालवणाऱ्या गटाने किंवा चार-पाच गावांनी मिळून घ्यावं. त्यावर नोझल किती दाबाला उघडतं, फवारा सरळ येतो की ठिबकतं, हे दोन मिनिटांत दिसतं. मग चांगलं नोझल बदलून पैसे घालवण्याचे प्रकारही कमी होतील, कारण पुष्कळदा दोष फिल्टरात असतो आणि बदललं जातं नोझल. तांब्याच्या वायसरी, परतीच्या नळीचा दोन मीटर तुकडा, दोन फिल्टर एवढा साठा गावच्या सेवा सोसायटीत किंवा खताच्या दुकानात ठेवला तरी हंगामातली महाडची खेप वाचते. ज्यांच्या गावात अशा शिबिराची तयारी असेल त्या ग्रामसेवकांनी तालुका कृषी कार्यालयात आधी कळवावं, म्हणजे तारीख ठरवताना दोन-तीन गावं एकत्र घेता येतील.

मोठ्या ट्रॅक्टरवाल्यांना एवढंच सांगणं की संगणकावर चालणारी, कॉमन रेल पद्धतीची नवी इंजिनं घरी उघडू नयेत. तिथला दाब दीड हजार किलोच्या पुढे जातो आणि वरचे घरगुती उपाय तिथे लागू नाहीत. कंपनीचा माणूस बोलवावा.

टिलरवाल्यांनी मात्र यंदा नोझल बदलायला नेताना मेकॅनिकला दोन गोष्टी आधीच सांगाव्यात. सगळ्या वायसरी नव्या घाल आणि काढलेल्या जुन्या सगळ्या माझ्या हातात परत दे. काढल्या किती आणि घातल्या किती ते मोजून घ्यावं, बुडाची जाड वायसर त्यात आहे का बघावं. बिलावर नोझलबरोबर वायसरींचीही नोंद करून घ्यावी. मग तिथेच अर्धा तास इंजिन चालवून, पूड टाकून सांधे पाहावेत, आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना नट आवळलेले आहेत का ते एकदा पान्याने तपासून मगच खाचरात उतरावं.